लाल जॅकेट घालून ॲन आर्बरला: समोरच्यांच्या स्टेडियममध्ये पाहुण्या प्रेक्षकाने कसं वागावं

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी मिशिगन आणि ओहायो स्टेट या दोन विद्यापीठांची अमेरिकन फुटबॉलची मॅच असते. ऑक्टोबर सरत आला की मला फोन यायला लागतात. कधी पुण्याहून, नाशिकहून एमएस करायला आलेली मुलं, कधी त्यांना भेटायला आलेले आईवडील. सगळ्यांचं म्हणणं तेच: तिकीट मिळालंय, पण समोरच्यांच्या स्टेडियममधलं. जाऊ का? आपल्या टीमचे कपडे घालू का? तिथे मारामाऱ्या होतात म्हणतात, ते खरं का?

जा. नक्की जा, आणि आपले रंग घालूनच जा. फक्त कसं वागायचं ते आधी समजून घ्या.

मी टोलेडोत राहते. ॲन आर्बर हे मिशिगनचं गाव आणि कोलंबस हे ओहायो स्टेटचं; दोन्ही यूएस-२३ या एकाच हायवेवर आहेत आणि आमचं गाव अगदी राज्यांच्या सीमेवर. आमच्या गल्लीत नोव्हेंबरमध्ये एका दारात लाल झेंडा दिसतो, तर शेजारच्या दारात पिवळा-निळा. लेक कोलंबसला शिकली म्हणून आमचं घर लाल. पण भाचा मिशिगनचा, त्यामुळे पाहुण्यांच्या खोलीत त्याचा निळा झेंडा लटकतो आणि तो काढायची कोणाला परवानगी नाही. एका वर्षी सामना ॲन आर्बरला, पुढच्या वर्षी कोलंबसला. त्यामुळे यजमान होणं आणि पाहुणं होणं, दोन्ही मला ठाऊक आहे.

खुन्नस कुठून आली, तेवढं माहीत असू द्या

भांडण फुटबॉलच्या आधीचं आहे. १८३५ साली आमच्या या टोलेडोच्या पट्ट्यावरून ओहायो राज्य आणि मिशिगन प्रदेश एकमेकांसमोर सैन्य घेऊन उभे राहिले होते. शेवटी टोलेडो ओहायोला मिळालं, मिशिगनला बदल्यात उत्तरेकडचा मोठा जंगली भूभाग मिळाला आणि १८३७ मध्ये ते राज्य झालं. दोन्ही कॉलेजांची पहिली मॅच १८९७ मध्ये झाली. १९१८ पासून ती दरवर्षी होते. कोविडमुळे २०२० ची तेवढी रद्द झाली.

खरी धग चढली ती १९६९ ते १९७८ या दहा वर्षांत. ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वुडी हेज आणि मिशिगनचे बो शेंबेकलर. बो हे वुडींच्याच हाताखाली तयार झालेले, आणि पहिल्याच वर्षी गुरूच्या टीमला त्यांनी २४-१२ ने हरवलं. आज साठी-सत्तरी ओलांडलेले जे प्रेक्षक तुमच्या शेजारी बसतील, त्यांचं तरुणपण या दहा वर्षांत गेलंय. ते तुमच्या जॅकेटकडे डोळे वटारून बघतील तेव्हा हे लक्षात असू द्या.

आणि एक गोष्ट मी नव्या मुलांना आवर्जून सांगते. २००६ साली दोन्ही टीम देशात पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर होत्या, सामना कोलंबसला होता, आणि आदल्या दिवशी बो शेंबेकलर वारले. मिशिगनचे सर्वांत मोठे प्रशिक्षक. कोलंबसने आयुष्यभर ज्यांच्या नावाने बोटं मोडली ते. सामन्याआधी ओहायोच्या स्टेडियमने त्यांच्यासाठी शांतता पाळली. मग ओहायो स्टेटने ४२-३९ ने सामना जिंकला. आदर करता येणं आणि जीव तोडून हरवायला बघणं, दोन्ही एकाच दुपारी जमायला हवं. खाली लिहिलेलं सगळं मी या एका मापाने मोजते.

कपडे, तिकीट, बॅग

लाल-करडा म्हणजे ओहायो स्टेट, पिवळा-निळा म्हणजे मिशिगन. पाहुण्यांनी आपला रंग घालावा, लपवू नये. घाबरून काळं जॅकेट घालून गेलात तर तुमच्याशी कोणी बोलणारही नाही, आणि या मॅचची अर्धी मजा त्या चिडवाचिडवीत आहे. फक्त समोरच्या टीमला शिव्या छापलेला टी-शर्ट घालू नका. असले टी-शर्ट दोन्हीकडे रस्त्यावर विकायला असतात. आपला रंग मिरवणं निराळं आणि दुसऱ्याच्या अंगणात जाऊन त्याला छातीवरून शिवी देणं निराळं. आईवडील आले असतील तर रंग त्यांनाही सांगून ठेवा. माझ्या सासूबाईंनी कोलंबसला जाताना सहज निळी शाल गुंडाळली होती; गाडीत बसण्याआधीच लेकीने ती बदलायला लावली.

थंडी हा या दिवसाचा दुसरा प्रतिस्पर्धी. बहुतेक वेळा मॅच दुपारी बाराला सुरू होते, पण नोव्हेंबरअखेरीस तिथे दुपारीसुद्धा पारा शून्याच्या आसपास असतो आणि बसायला ॲल्युमिनियमचे बाक. आत थर्मल, मग लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट. हातमोज्यांत ठेवायच्या गरम पुड्या घ्या. पाय मात्र बुटांनी वाचत नाहीत, कारण गारठा खालच्या काँक्रीटमधून चढतो. पायाखाली पुठ्ठा घ्या. साधा खोक्याचा पुठ्ठा, पण तीन-साडेतीन तास उभं राहायचं तर त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

तिकीट फोनवर असतं. घरूनच ते फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा, कारण लाखभर माणसं एका जागी जमली की नेटवर्क बसतं. ॲन आर्बरच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे, कोलंबसची १,०२,७८०. तिकीट घेताना सेक्शन नीट बघा. पाहुण्या टीमसाठी थोडी जागा राखलेली असते; तिथे मिळालं तर उत्तम. विद्यार्थ्यांच्या सेक्शनमधलं स्वस्तात मिळतंय म्हणून समोरच्याचा रंग घालून तिथे जाऊ नका. तिथे सगळे पूर्ण वेळ उभे असतात, सकाळपासून प्यायलेले असतात, आणि त्यांच्या मधोमध एकट्याने उभं राहण्यात शौर्य काही नाही.

बॅगेचे नियम कडक असतात. कोलंबसला फक्त पारदर्शक पिशवी चालते, १२ × ६ × १२ इंचांपर्यंतची. ॲन आर्बरला जाताना मी बॅग नेतच नाही. किल्ली, कार्ड, फोन, बाकी सगळं खिशात. एकदा बाहेर पडलात की परत आत सोडतील असं धरू नका.

मॅचच्या आधी

टेलगेट म्हणजे पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून मांडलेला स्वयंपाक आणि गप्पा. ॲन आर्बरला स्टेडियमशेजारच्या गोल्फ कोर्सवर आणि समोरच्या शाळेच्या मैदानावर सकाळी सातपासून शेगड्या पेटतात. तुमचा रंग बघून कोणी हाक मारली, ‘रस्ता चुकलात का?’ म्हणाला, तर थांबा आणि हसून उत्तर द्या. दहातल्या नऊ वेळा पुढचं वाक्य ‘काही खाणार का?’ असं असतं. घ्या. परतफेड म्हणून तुमच्याजवळ काहीतरी असू द्या. मी कोथिंबीर वड्या नेते. गार झाल्या तरी खाता येतात, हात खराब होत नाहीत, आणि डबा उघडला की दोन्ही रंगांची माणसं जमतात.

ओहायोवाले शेंगदाण्याच्या लोण्याचे गोळे चॉकलेटमध्ये बुडवून करतात, त्यांना बकाय म्हणतात. ते जरूर खा. पण ज्या बियांवरून हे नाव आलं, त्या तपकिरी चकचकीत बिया लोक माळेत ओवून गळ्यात घालतात आणि त्या विषारी असतात. लहान मूल बरोबर असेल तर माळ त्याच्या हाती देऊ नका.

त्या आठवड्यात कोलंबसच्या कॅम्पसवर पाट्यांवरच्या सगळ्या ‘एम’ अक्षरांवर लाल पट्टीची फुली मारलेली दिसेल. मिशिगनवाल्यांनी ती बघून फोटो काढावा आणि पुढे जावं. फाडायला जाऊ नका. जुन्या काळी तिथले विद्यार्थी याच आठवड्यात रात्री मिरर लेक नावाच्या तळ्याच्या बर्फगार पाण्यात उड्या मारत. २०१५ मध्ये त्यात एका विद्यार्थ्याचा जीव गेला आणि विद्यापीठाने ती प्रथा बंद केली. कोणी ‘परंपरा’ म्हणून असलं काही सुचवलं तर सरळ नाही म्हणा. मॅचच्या आधीच्या आठवड्यांत दोन्ही विद्यापीठांची रक्तदानाचीही स्पर्धा लागते, कोणाच्या बाटल्या जास्त म्हणून. कट्टरपणा दाखवायचाच असेल तर बाही वर करा आणि तिथे जा.

कधी ओरडायचं, कधी गप्प राहायचं

हे जमलं की तुम्ही निम्मे अमेरिकन प्रेक्षक झालात. नव्या माणसाला वाटतं, आपल्या टीमकडे चेंडू आला की ओरडायचं. इथे बरोबर उलट आहे.

आक्रमण करणाऱ्या टीमला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. प्रत्येक प्रयत्नाआधी क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हाती असलेला खेळाडू, आपल्या खेळाडूंना तोंडी सूचना देतो आणि इशाऱ्यावर चेंडू सुटतो. तो इशारा शेवटच्या माणसापर्यंत पोचला नाही तर कोणीतरी वेळेआधी हलतो आणि पाच यार्डांचा दंड बसतो. म्हणून यजमान प्रेक्षक आपली टीम बचाव करत असताना छप्पर उडेल इतकं ओरडतात, आणि आपल्या टीमकडे चेंडू आला की चिडीचूप. तिसऱ्या प्रयत्नाला, म्हणजे थर्ड डाऊनला, हा आवाज टिपेला पोचतो. ॲन आर्बरला तर लोक खिशातून किल्ल्या काढून खुळखुळवतात. लाख माणसांच्या किल्ल्यांचा तो आवाज पहिल्यांदा ऐकाल तेव्हा अंगावर काटा येईल.

आता पाहुण्याने काय करावं? तुमच्या टीमकडे चेंडू असेल तेव्हा तुम्ही गप्प राहा. आधीच लाख माणसं तुमच्या क्वार्टरबॅकचा आवाज दाबताहेत, त्यात तुमची भर नको. तुमची टीम बचावात असेल तेव्हा सगळं स्टेडियम शांत असतं, आणि हीच तुमची वेळ. मन भरून ओरडा, ‘डीफेन्स’ म्हणा, टाळ्या वाजवा. लोक मान वळवून बघतील. बघू द्या, तिकिटाचे पैसे तुम्हीही भरलेत. आपल्या टीमने टचडाऊन केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला, की उठून नाचा. पण तोंड मैदानाकडे ठेवा. मागच्या रांगेकडे वळून, त्यांच्या तोंडासमोर हात नाचवून केलेला जल्लोष हा जल्लोष राहत नाही. भांडणांची सुरुवात मी बहुतेक वेळा इथेच झालेली बघितली आहे.

खेळाडू जखमी होऊन मैदानावर पडला की तो कोणाचाही असो, आवाज पूर्ण बंद. फोनवर बोलणंही थांबवा. तो उठला, किंवा त्याला गाडीवरून नेऊ लागले, की टाळ्या. यात दोन्ही बाजूंचे प्रेक्षक एकत्र असतात, आणि इथे चुकणाऱ्याला त्याच्याच बाजूचे लोक सुनावतात.

बँडलाही मान द्या. ओहायो स्टेटचा बँड वाजवत वाजवत मैदानावर ‘ओहायो’ हा शब्द वळणदार अक्षरांत लिहितो. १९३६ पासून हे चालू आहे. शेवटी सुझाफोन हे भलंमोठं पितळी वाद्य घेऊन एक वादक त्यातल्या ‘आय’वरचा टिंब होतो आणि कमरेतून वाकून नमस्कार करतो. त्या एका क्षणासाठी ती मुलं चार-चार वर्षं वाट बघतात. मिशिगनच्या प्रेक्षकांनी तेव्हा हूट करू नये. तसंच, मिशिगनचं विजयगीत लागलं की ओहायोवाल्यांनी त्यावर ओरडून आपलं गाणं म्हणू नये. उभं राहा, गाऊ नका, संपेपर्यंत थांबा. एवढं पुरे.

चिडवणं आणि त्याची हद्द

चिडवाचिडवी तर व्हायलाच हवी. मागच्या वर्षीचा स्कोअर, त्यांच्या किकरची हुकलेली किक, त्यांच्या प्रशिक्षकांचा चेहरा, हे सगळं चालतं. ओहायोवाल्याने ‘ओ-एच’ म्हटलं की दुसऱ्या टोकावरून कोणी तरी अनोळखी माणूस ‘आय-ओ’ म्हणतोच. समोरच्या स्टेडियमच्या स्वच्छतागृहाच्या रांगेतसुद्धा असं उत्तर मिळालं की जीव सुखावतो.

कोणाच्या घरच्यांवर, शरीरावर, रंगावर, बोलण्याच्या ढंगावर किंवा देशावर गेलं की हद्द ओलांडली. खेळाडूंनाही हेच लागू. ती अठरा-वीस वर्षांची पोरं आहेत, पहिल्या रांगांतलं सगळं त्यांना ऐकू येतं. विद्यार्थ्यांच्या सेक्शनमधून शिवराळ घोषणा उठतात, त्यांत सूर मिसळू नका. पुढच्या रांगेत कोणाचं तरी सात वर्षांचं मूल बसलेलं असतंच. मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने वडिलांबरोबर बघत वाढले. तिथेही एका पेठेने दुसऱ्या पेठेला किती आणि कसं डिवचायचं याचा अंदाज जुन्या माणसांना बरोबर असायचा, आणि ती जवळ बसलेली असली की तरुण पोरं आपोआप तोंड सांभाळायची. इथेही बसायला जागा निवडता येत असेल तर म्हाताऱ्या जोडप्यांच्या आसपास बसा.

तुमच्यावर कोणी घसरलं तर? पहिल्यांदा ऐकू आलं नाही असं वागा. दुसऱ्यांदा झालं तर उत्तर न देता उठा आणि जिन्याजवळ उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला सांगा. मदतीसाठी मेसेज पाठवायचा क्रमांक मोठ्या पडद्यावर दाखवतात, तो सुरुवातीलाच फोनमध्ये टाकून ठेवा. जागा बदलून मागा. प्यायलेल्या माणसाला समजावायला जाऊ नका, तुमची बाजू कितीही खरी असली तरी. व्हिसावर आलेल्या मुलांना मी हे हात धरून सांगते: धक्काबुक्कीत अटक झाली तर ती एका रात्रीची गोष्ट राहत नाही, शिक्षण आणि व्हिसा दोन्हीवर तिचा परिणाम होऊ शकतो. मित्र तापला तर त्याचा दंड पकडून त्याला बाहेर काढणं हे तुमचं काम.

मॅच संपल्यावर

सगळ्यात जपायची वेळ हीच.

२०२१ ला आम्ही ॲन आर्बरला होतो. बर्फ भुरभुरत होता. माझ्या शेजारी पिवळ्या लोकरी टोपीतले एक आजोबा होते. पहिल्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चारांपैकी पहिल्या भागात, त्यांनी माझ्या लाल जॅकेटकडे नुसतं बघितलं, बोलले नाहीत. दुसऱ्या क्वार्टरमध्ये मी पाय आपटतेय हे बघून त्यांनी आपला पिझ्झाचा खोका मधोमध फाडला आणि अर्धा माझ्या बुटांपुढे टाकला. मिशिगन ४२-२७ ने जिंकलं. २०११ नंतर ओहायो स्टेटवरचा त्यांचा पहिलाच विजय. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी हात पुढे केला, अभिनंदन म्हटलं. त्यांनी हात सोडलाच नाही, म्हणाले, ‘आता इथेच बसून राहा, पोरं खाली उतरणार.’ आणि खरंच, हजारो लोक कठडे ओलांडून मैदानावर धावले.

असं झालं की पाहुण्याने जागेवरच थांबावं. जिन्याकडे धावू नये, कारण सगळा लोंढा उलट दिशेने येत असतो. लहान मूल असेल तर त्याला बाकावर उभं करून दोन्ही हातांनी धरा. पंधरा-वीस मिनिटांत वाट मोकळी होते. भेटायची जागा आधीच ठरवून ठेवा, तेव्हा फोन लागत नाहीत.

तुम्ही जिंकलात तर संयम जास्त लागतो. २०२४ ला कोलंबसला मिशिगन १३-१० ने जिंकलं, त्यांच्या खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला आणि दोन्ही टीम भिडल्या. पोलिसांना पेपर स्प्रे मारावा लागला. दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला. सामना अफलातून झाला होता, पण दुसऱ्या दिवशी बोलणं सगळं त्या झेंड्याचं. प्रेक्षकांनी यातून घ्यायचं ते असं: आपल्या सेक्शनमध्ये, आपल्या खेळाडूंसमोर हवं तितकं गा, टाळ्या वाजवा. शेजाऱ्यांशी हात मिळवा. गेटच्या बाहेर पडलात की घोषणा बंद करा आणि जॅकेटची चेन लावा. रस्त्यावर, बारच्या दारात, पार्किंगमध्ये विजय मिरवू नका. हरलेली माणसं तिथून घरी चाललेली असतात.

घरच्या ग्रुपवरही थोडं भान ठेवा. आमच्याकडे नियम आहे: शनिवारी हरलेल्या बाजूला कोणी मीम, व्हिडिओ पाठवायचा नाही. रविवारी संध्याकाळी हरलेल्याने स्वतः फोन करायचा, आणि मग जिंकलेल्याने हवं तेवढं बोलून घ्यायचं. भाच्याचा फोन येतो तेव्हा लेक स्पीकरवर टाकते आणि आम्ही सगळे ऐकतो.

ॲन आर्बरहून दक्षिणेकडे परतणाऱ्यांसाठी शेवटचं: गाडी स्टेडियमच्या दक्षिणेला, आय-९४ च्या बाजूला लावा, भले वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागलं तरी. उत्तरेला लावलीत तर यूएस-२३ गाठेपर्यंतच अंधार पडेल. टाकी सकाळीच भरून ठेवा आणि थर्मासमधला थोडा चहा परतीसाठी राखा.